काळी चारच्या खाली

आत्याआजीच्या रेकॉर्डिंगचं पुढे काय झालं, हे तुम्ही दोघांनी फोनवर बऱ्याचदा विचारलंत आणि मी दरवेळी विषय बदलला. कारण अगदी साधं आहे. आमच्या सांगलीच्या घरात फोनला रेंज फक्त बाहेरच्या खोलीत येते, आणि बाहेरच्या खोलीत ती बसलेली असते. तिच्या देखत हे बोलता येत नाही. म्हणून लिहून पाठवते. क्रमाने सांगते, म्हणजे मलाही नीट लावता येईल. थोरले, यातलं बरंचसं तुझ्यासाठी आहे. धाकट्याने वाचलं तरी चालेल.

तुमचे आजोबा गेले त्यानंतर मी साताऱ्याचं घर बंद करून इकडे राहायला आले. आत्याआजी आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. तिने लग्न केलं नाही. सगळी वर्षं सांगलीत गाणं शिकवलं. मी साताऱ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. गाण्यातलं मला फारसं कळत नव्हतं आणि कळायची गरजही पडली नाही. इथे आल्यावर मात्र रोज सकाळी ते कानावर पडायला लागलं. ती आधी तानपुरा लावायची. मिरजेहून करून घेतलेला जुना तानपुरा. त्याच्या खुंट्या पिळता पिळता ती मधेच स्वतः बारीक आवाजात 'सा' धरायची, पुन्हा खुंटी पिळायची. हल्ली विद्यार्थी सूर देणारा विजेवरचा डबा घेऊन येतात, त्याच्या चकत्या फिरवल्या की हवी ती पट्टी मिळते. तसला एक डबा आमच्याही कपाटात आहे, विद्यार्थ्यांसाठी. ती स्वतः त्याला हात लावत नसे. सूर गळ्यातून घ्यायचा, हे तिच्या गुरूंनी घालून दिलेलं होतं.

तिची पट्टी काळी चार. म्हणजे हार्मोनियमवरची चौथी काळी पट्टी हा तिचा सा. बायकांचा आवाज वयाबरोबर खाली येतो. तिच्या बरोबरीच्या सगळ्या गाणाऱ्या एक-दोन पट्ट्या खाली उतरल्या होत्या. ही उतरली नव्हती. तिला कुणी तब्येत विचारली की म्हणायची, "गुडघे गेले, दात गेले. काळी चार आहे." यापलीकडे तिने कशाचा अभिमान धरलेला मी पाहिला नाही.

थोरले, तू दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तिच्याकडे शिकायचीस. पण तान अर्ध्यावर आली की चित्र थिजायचं आणि तुम्ही दोघी एकमेकींकडे तोंड उघडं ठेवून बघत बसायचात. तेव्हा तूच म्हणालीस की चार चिजा नीट रेकॉर्ड करून पाठवा, आणि आवाज वेगळ्या ट्रॅकवर आणि तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, म्हणजे आवाज बंद करून नुसत्या तानपुऱ्यावर मला गाता येईल. कल्पना चांगली होती. मलाही पटली होती, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की हे सगळं तुझ्यामुळे झालं. तसं नाही.

तिचा एक विद्यार्थी मलकापूरला, कऱ्हाडच्या शेजारी, स्टुडिओ चालवतो. तो पाटणकडच्या शेतकरी घरातला. फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. पेन्शनीत आल्यावर गाणं शिकायची हौस धरून एसटीने सांगलीला यायचा. पन्नाशीचा माणूस, पण तिच्यासमोर बसला की मांडी हलवायचा नाही. त्याने आनंदाने होकार दिला आणि वर म्हणाला, "बाई, थोडं थांबा. मशीन येतंय नवीन. ते आल्यावर करू."

मशीन आल्यावर आम्ही गाडी ठरवून गेलो. तानपुरा मागच्या सीटवर आडवा, त्याच्या भोपळ्याला मी धरून बसलेली आणि ती पुढे. स्टुडिओ म्हणजे त्याच्या घरावरची एक खोली. भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी ठोकलेलं, खिडकी विटांनी बुजवलेली. टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी ते नवं मशीन, साधारण व्हीसीआरएवढं. त्याला हळदकुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवलं होतं.

"पैलं गाणं तुमचं हाय बाई ह्याच्यावर," तो म्हणाला. "आतापत्तोर ह्या बारक्या डबीतनं आवाज घेत हुतो. इलेक्शनच्या उमेदवारांच्या गाण्यांना चालतंय. तुमचा आवाज तिच्यातनं घालायला मन घेईना."

"उमेदवारांना चालतं ते मला का नाही चालणार? त्यांना एवढे लोक ऐकतात," आत्याआजी म्हणाली.

"ऐकत न्हाईत बाई. नुसतं वाजतंय."

ती हसली. तिची शिष्यांशी थट्टा एवढीच असायची.

मी मास्तरीण, त्यामुळे मी त्याला सगळं विचारून घेतलं. मायक्रोफोनमधला आवाज आधी त्या मशीनमध्ये जाणार, तिथे तो भरदार होणार आणि त्याचे आकडे होणार, मग वायरने ते आकडे कॉम्प्युटरमध्ये, सॉफ्टवेअरमध्ये उतरणार. पडद्यावर दोन आडवे पट्टे होते, वरचा तानपुऱ्याचा, खालचा आवाजाचा. कोणी टाळी वाजवली की दोन्ही पट्ट्यांवर हिरवं टेकाड उठायचं. मला तो प्रकार आवडला. नीटनेटका होता.

आत्याआजीने तानपुरा उभा केला तेव्हा त्याने बिचकत विचारलं, "बाई, डबा लावू का काळी चारला? गाण्यात न्हाई, नुसतं जुळवायला."

"मी इतक्या लांब डब्याकडून सूर घ्यायला आले का?"

"न्हाई बाई."

तो पुन्हा बोलला नाही. बाईंनी सूर लावताना बोलायचं नाही, हे त्याला त्यांनीच शिकवलेलं. आता मला कळतं की तो डबा त्या दिवशी तिथे वाजला असता, एवढा एक सूर जरी मशीनमध्ये शिरला असता, तरी पुढचं टळलं असतं. पण तसं तेव्हा कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

तिने तानपुरा लावला, त्यात बराच वेळ गेला. मग ती गायली. चारही चिजा झाल्यावर त्याने तिला हेडफोन घालून ऐकवलं. ती ऐकत होती तेव्हा मीही दुसरा हेडफोन घातला होता. आवाज तिचाच होता, रोज सकाळी ऐकते तसा, किंबहुना जास्त स्वच्छ. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ठीक आहे."

"काकू, पास झालो म्हणा की," तो मला म्हणाला.

परत येताना ती इतकी मोकळी झाली होती की इस्लामपूरजवळ उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो आणि ट्रॅक्टरवाल्याने मोठ्याने गाणी लावली होती, तरी तिने काच वर केली नाही. "हेही माझ्याच शिष्याने रेकॉर्ड केलेलं असणार," म्हणाली. मी तिला एवढी आनंदात पाहिल्याचं शेवटचं आठवतं ते त्या गाडीत.

दुसऱ्या दिवशी त्याने फायली फोनवर पाठवल्या. मी त्या लगेच तुला पुढे पाठवल्या आणि मग आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी ऐकायला बसलो. पहिली चीज सुरू झाली. अर्धी झाल्यावर तिने हात वर केला. मी थांबवलं.

"पुन्हा लाव."

मी पुन्हा लावली. ती टेबलावर वाकून ऐकत होती.

"आवाज जड आहे," ती म्हणाली. "लयसुद्धा ओढल्यासारखी आहे."

"फोनचा स्पीकर बारका आहे गं."

"बारक्या स्पीकरने आवाज पातळ होतो, वहिनी. जड होत नाही."

चिजेच्या शेवटी, रेकॉर्डिंग बंद व्हायच्या आधी, माझं एक वाक्य त्यात आलं होतं, 'झालं का? चहा सांगितलाय.' ते ऐकून मी दचकले. एखाद्या थकलेल्या पुरुषाने विचारावं तसा आवाज होता. मी म्हटलं, "बघ, माझा आवाज तरी असा आहे का?"

"स्वतःचा आवाज कुणालाच ओळखता येत नाही," ती म्हणाली. "मी तेच म्हणतेय."

मग तिने मला कपाटातला डबा आणायला सांगितला. तिने स्वतः होऊन तो मागितल्याचं मला नवल वाटलं. तिने काळी चार लावली आणि फोन सुरू करायला सांगितला. दोन्ही एकत्र वाजू लागले आणि ते मलासुद्धा ऐकवेना. तिने डबा अर्ध्या पट्टीने खाली आणला. फोन अजून खालीच होता. आणखी अर्ध्या पट्टीने आणला, काळी तीनवर. आता फोन थोडा वर होता.

"मधेच आहे," ती म्हणाली.

"मधे म्हणजे?"

"म्हणजे कुठेच नाही."

मग तिने मला एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं समजावून दिलं. नुसता गळा खाली आला असता तर तो तानपुऱ्याच्या खाली गेला असता आणि गाणं बेसूर झालं असतं. पण गाणं तानपुऱ्याशी जुळलेलं होतं. दोघं मिळून खाली होते. म्हणजे तानपुराच खाली लागला होता. तानपुरा तिने लावला होता, काळी चार समजून, गळ्यातून सूर घेऊन, आणि तिला कळलं नव्हतं.

"गळ्याचं मी धरून चालले होते, आज ना उद्या," ती म्हणाली. "पण हे कानाचं आहे."

मी म्हटलं, "अगं, काल तिथे हेडफोनमध्ये तर नेहमीसारखं होतं."

"नेहमीसारखं वाटलं. मलाही वाटलं. तेच तर."

हा तिचा विचार मी तेव्हा उलटसुलट करून पाहिला. मला त्यात चूक सापडली नाही. आजही, त्या दिवशी आमच्या हातात जेवढं होतं तेवढंच धरलं, तर सापडत नाही. मी एवढंच सुचवलं की आत्ता तानपुरा लाव आणि डब्याशी ताडून बघ. ती म्हणाली, "आत्ता डबा ऐकलाय. आता लावेन तो डब्याचा असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कानावर काहीही पडायच्या आधी, तिने लावून पाहिला. मी स्वयंपाकघरात उभी होते. खुंट्यांचा आवाज थांबेना. सा खाली तर राहत नाही ना, या धास्तीने ती तो वर वर नेत असणार. शेवटी तिने डबा लावला. या वेळी तानपुरा काळी चारच्या वर गेला होता. ती बाहेर येऊन माझ्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "आता वर." बस, एवढंच. मी कुकरची शिट्टी व्हायची वाट बघत उभी राहिले, कारण तिच्याकडे बघणं मला जमेना.

त्याच दिवशी तुझा निरोप आला, 'आत्याआजी, आवाज किती भारदस्त आलाय.' मी वाचून दाखवला. "भारदस्त," ती म्हणाली. "म्हणजे म्हातारा." पण तिने तुला आशीर्वाद कळवायला सांगितले. तुला जे मिळालं ते तू ऐकलंस आणि प्रेमाने लिहिलंस. त्यात तुझं काही चुकलं नाही.

मी तिला मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले आणि घंटी ऐकू आली की बटण दाबायला सांगितलं. रिपोर्ट चांगला आला, वयाच्या मानाने फारच चांगला, असं डॉक्टर म्हणाले. जिना उतरताना ती मला म्हणाली, "घंटी ऐकू येते का विचारलं. कुठली घंटी, ते विचारलं का त्यांनी?"

मी मलकापूरला फोन करते म्हटलं, तर तिने मला शपथ घातली. त्याने इतक्या मनाने केलं, फूल वाहून केलं. त्याला कळता कामा नये की बाईंचा सूर गेला. त्यामुळे त्याला आम्ही 'छान आलंय, पोचलं' एवढंच कळवलं. त्याने स्वतः फक्त स्टुडिओत ऐकलं होतं. आणि स्टुडिओत, थोरले, ते बरोबरच वाजत होतं. ते कसं, ते सांगते.

पण त्याआधी बरेच महिने गेले. तिने तानपुऱ्याच्या तारा सैल केल्या आणि गवसणी चढवून तो कपाटाच्या मागे ठेवला. विद्यार्थ्यांना एकेक करून दुसऱ्या शिकवणाऱ्यांकडे पाठवलं. त्यांच्या आया माझ्याकडे येऊन हळूच विचारायच्या, बाईंना बरं नाही का. ती मात्र त्यांच्या तोंडावर सांगायची, "मला आता सूर कळत नाही. फुकट वर्षं घालवू नका." काही जणी रडल्या. ती रडली नाही. तुझा रविवार तिने आधी गुडघ्याच्या निमित्ताने टाळला, मग डोळ्याच्या. सकाळी ती उठून वर्तमानपत्र वाचायची. घर सकाळी इतकं शांत असतं हे मला माहीतच नव्हतं. मी साताऱ्याला एकटी होते तेव्हाही नसायचं.

उन्हाळ्यात एका दुपारी तो मलकापूरचा दारात उभा राहिला. आधी फोन नाही, काही नाही. खांद्याला लॅपटॉपची बॅग. "काकू, बाई हाईत का?" पाणीसुद्धा घेतलं नाही. तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, बसला नाही.

"बाई, माजी चूक झाली. लय मोठी झाली."

एका गावच्या यात्रेसाठी त्याने ऑर्केस्ट्राचं एक गाणं रेकॉर्ड करून दिलं होतं. स्टेजवर कीबोर्डवाल्याची पट्टीच जुळेना. तो याच्यावर उखडला, "गड्या, तुझा ट्रॅक कुठल्याच पट्टीत बसत न्हाई." तेव्हा याने शोध घेतला. ते नवं मशीन एका सेकंदाच्या आवाजाचे अठ्ठेचाळीस हजार बारीक तुकडे करत होतं. सॉफ्टवेअरमध्ये मात्र जुन्या डबीच्या वेळचा आकडा तसाच राहिला होता, चव्वेचाळीस हजार शंभर. मशीन आणि कॉम्प्युटर वायरने जोडलेले असेपर्यंत सगळं मशीनच्या चालीने चालत होतं, म्हणून स्टुडिओत बरोबर वाजायचं. फाईल बाहेर पडली की फोन सॉफ्टवेअरने लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा आणि तेच तुकडे हळू वाजवायचा. हळू वाजलं की आवाज खाली येतो आणि लय ओढते. आमच्या काळी कॅसेटच्या टेपचे सेल उतरले की व्हायचं तसंच. धाकट्या, हे तू मला आणखी नीट समजावून देशील, पण मला एवढं पुरेसं कळलं.

"पैल्या दिवसापास्नं ह्या मशीनवर जे घेतलं ते सगळं खाली गेलंय, बाई. पैलं तुमचंच हुतं. आज फायली बघितल्या आन् तसाच निघालो."

आत्याआजी शांतपणे ऐकत होती. "म्हणजे माझा तानपुरा बरोबर होता?"

"काळी चार, बाई. केसभर इकडं न्हाई, तिकडं न्हाई."

मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीत बसलेच. मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा जसा होता तसाच होता.

त्याने लॅपटॉप उघडून दुरुस्त केलेली चीज लावली. ती तिचीच होती. माझं शेवटचं 'झालं का? चहा सांगितलाय' आलं तेसुद्धा माझंच होतं, वर्गात दटावणाऱ्या बाईचं. मी उठून डबा आणला, काळी चार लावला. दोन्ही सूर असे एकमेकांत मिसळले की डबा चालू आहे की नाही कळेना.

"बघ," मी म्हटलं.

"जुळणारच," ती म्हणाली. "जुळवलंय त्याने."

"जुळवलं न्हाई बाई. जिथं हुतं तिथं परत ठिवलं."

"पण ठेवलंस यंत्रातच ना?"

"व्हय."

"मागे एका उमेदवाराच्या भावाला गाता येत नव्हतं, तर तू त्याला यंत्रात सुरात आणलंस. तूच हसत सांगितलं होतंस. हो का नाही?"

"ते निराळं, बाई. त्यात एकेक सूर उचलून बसवावा लागतोय. ह्यात नुसता आकडा बदलायचा."

"निराळं आहे ते मला ऐकून कळेल?"

"कळंल की बाई. तुमाला न्हाई कळायचं तर कुणाला?"

"तेच तर मला कळत नाही आता." मग ती मऊ आवाजात म्हणाली, "तुझी माया आहे माझ्यावर, मला माहीत आहे. वहिनीनेच तुला फोन केला असणार."

मी म्हटलं मी केला नाही. तू शपथ घातली होतीस. तिने माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेला काय म्हणावं मला माहीत नाही. आजारी माणूस भेटायला आलेल्यांकडे बघतं तसं. मी हट्टाला पेटले. कागद घेतला, दोन्ही आकडे लिहिले, भागाकार करून दाखवला, की सूर बरोबर तेवढाच खाली यायला हवा जेवढा आपल्याला डब्यावर सापडला होता, काळी तीनच्या वर आणि पुढच्या पट्टीच्या खाली. आकडे चोख जुळत होते. अशी सिद्धता मी आयुष्यात कुठल्याच वर्गात मांडली नसेल.

"वहिनी," ती म्हणाली, "तू मला पटवून देते आहेस. मला पटतंयसुद्धा. पण मला ऐकू येत नाहीये."

तो खाली बसला. त्याने हात जोडले. "बाई, माज्यासाठी एकदा तानपुरा काढा. आत्ता लावा. मी डबा लावतो, काकू हाईत. एकदाच."

तिने कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "काढ." त्याने गवसणी काढली, सैल तारा हळूहळू चढवल्या. तिने तानपुरा घेतला नाही. बसल्या जागी, नुसता सा लावायचा प्रयत्न केला. घशातून आधी हवा आली, मग खरखर, मग एक आवाज आला तो थरथरत खाली गेला आणि तुटला. इतक्या महिन्यांत तिने गायला तोंड उघडलं नव्हतं. त्याने मान खाली घातली.

"बघ," ती म्हणाली. मला वाटलं तिला बरं वाटतंय.

"रियाज न्हाई म्हणून, बाई."

"कारण काही का असेना."

तो चहा न घेता निघाला. मी जिन्यापर्यंत गेले. तो चप्पल घालत होता आणि एका पायातली उलटी गेली तरी त्याच्या लक्षात आलं नाही. "काकू, बारक्या डबीतनं घेतलं असतं तर…" म्हणाला, आणि तसाच उतरला. त्याने ते मशीन विकलं असं नंतर कळलं. दोन-तीनदा त्याचा फोन आला. ती प्रेमाने बोलते त्याच्याशी, त्याच्या बायकोची चौकशी करते. गाण्याचं दोघंही काढत नाहीत.

मला वाटलं होतं, खरं कळलं की सगळं सुटेल. आयुष्यभर मी मुलांना तसंच शिकवलं. आता खरं आमच्या घरात आहे, माझ्या फोनमध्ये आहे, दोन्ही फायली एकाखाली एक आहेत, आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नाही. कधीकधी ती आत झोपलेली असताना मी दुरुस्त केलेली फाईल अगदी बारीक आवाजात लावते. मग बंद करते. मला ते बरोबर वाटतं, पण माझ्या वाटण्याला काय अर्थ आहे? ते सांगू शकेल असं एकच माणूस या घरात होतं.

आता मागच्या रविवारचं. तुझा कॉल यायच्या वेळी मी मुद्दाम फोन तिच्यासमोर उभा करून ठेवला. मला वाटलं, निदान तुला पाहून तरी ती शिकवायला लागेल. तू भीमपलास गायलीस. मधे कुठेतरी तुझा सूर सरकला. मलासुद्धा जाणवलं, आणि तुला स्वतःला तर नक्कीच, कारण तू थांबलीस आणि पडद्याकडे बघत राहिलीस, आता रागावतील म्हणून. पूर्वी ती तिथेच तुला पकडायची, तो एकच सूर दहादा गाऊन घ्यायची. इतक्या वर्षांत तिने तुला एकदाही शाबासकी दिली नव्हती. तुलाच काय, कुणालाच नाही.

ती म्हणाली, "छान."

तू खुर्चीतून उठलीस. आईला हाक मारत पळालीस. तिकडून तुम्हा सगळ्यांच्या हसण्याचा आवाज येत होता आणि पडद्यावर नुसती तुझी रिकामी खुर्ची होती. आत्याआजी त्या खुर्चीकडे बघत बसली होती. कॉल संपल्यावर मी तिला विचारलं, "खरंच छान झालं?"

"तिला विचार," ती म्हणाली. "तिने ऐकलंय."

तुझा आनंद मी पाहिला आणि गप्प बसले. त्या दिवशी फोनवर सांगवलं नाही, आणि हे असं लिहून सांगणं काही कमी वाईट नाही. पण तू तो शब्द धरून बसशील, पुढच्या परीक्षेला तसंच गाशील, हे मला बघवणार नाही. तेव्हा रविवारी तिला फोन करत जा. गात जा तिच्यासमोर, ती बसते तेवढा वेळ. पण ती छान म्हणाली तर ते मोजू नकोस. तिकडे कोणी चांगलं शिकवणारं मिळालं तर शोध. तिच्यापासून लपवायची गरज नाही. ती विचारणार नाही.